गेलेला विटाळ परत आला तेव्हा

मी जन्माची या लष्कर शहरातलीच, ताई. आमचा पणजा सरकारी फौजेबरोबर दक्खनेतून इकडे आला म्हणतात, कोणत्या गावाहून आला ते माझ्या बापालाही सांगता यायचं नाही, विचारलं की दक्खन, एवढं बोलून तो हुक्का ओढायला मोकळा, आणि मी तर झाशीच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही. बाप पलटणीत शिपाई, आई चार घरची धुणीभांडी करायची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, म्हणून माझं बोलणं असं खिचडी आहे. तुम्ही वरच्या खोलीत राहता, शाळेत शिकवता, तुम्हाला हसू येत असेल तर हसा, पण लिहिताना माझं बोलणं धुऊनपुसून काढू नका, मी बोलले तसंच लिहा. नाव यमुना. बाराव्या वर्षी लग्न झालं, नवरा सरकारी पागेत घोड्यांचं करायचा, स्वभावाने गरीब माणूस, मी बाविशीची असताना तापाने गेला. पदरात एक मुलगी, ती झाशीला दिलीय, बरी आहे. मला सांगायचंय ते माईंबद्दल, पण तुम्ही म्हणालात पहिल्यापासून सांगा, म्हणून एवढं सांगितलं.

नवरा गेला आणि मी इथेच पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत दादासाहेबांच्या घरी कामाला लागले. ब्राह्मणाचं घर. दादासाहेब दरबारच्या दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर, त्यांची आई म्हणजे माई, बायकोला आम्ही वहिनीसाहेब म्हणायचो, शिवाय आल्यागेल्या लेकीबाळी, कोणी बाळंतपणाला, कोणी सणाला, घर कधी रिकामं नाही. धुणं होतं, भांडी होती, पण माझं खास काम वेगळंच होतं. त्या घरात बाई बाजूला बसली की मागच्या अंगणातल्या खोलीत तीन दिवस, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन आत. तिला ताट सरकवायचं लांबून, पाणी ओतायचं वरून, तिचे कपडे वेगळ्या दगडावर धुवायचे, आणि हे सगळं करणारी मी. घरातल्या कोणी शिवायचं नाही, मी शिवले तर चालतं, मला कुठे देवघरात जायचं होतं. म्हणून काय झालं, त्या घरातल्या प्रत्येकीची तिथी मला तोंडपाठ. लिहिता येत नाही, तर त्या खोलीच्या कोनाड्यात खडे मांडायची, जिची तिची रांग वेगळी, बसली की एक खडा, जास्त दिवस गेले तर खड्याशेजारी एक चिंचोका. वहिनीसाहेब मलाच विचारायच्या, यमुना, सत्यनारायण कधी धरू गं, मी कोनाडा बघून सांगायची, एकादशीनंतर धरा. भटजी पंचांग उघडायचे आणि त्यांना वाटायचं मुहूर्त त्यांनीच काढला.

माईंची रांग मीच पुसली होती. पन्नाशीला आल्या तसा त्यांचा विटाळ पुढेमागे व्हायला लागला, मग थांबला, वर्षभर बसल्या नाहीत तेव्हा मला म्हणाल्या, यमुना, माझे खडे काढून टाक, सुटले मी. त्या भाद्रपदात त्यांनी ऋषिपंचमीचं उद्यापन केलं. तुम्हा आजकालच्या मुलींना ठाऊक असेल नसेल, विटाळात चुकून शिवाशीव झाली असेल तर त्याचा दोष जावा म्हणून बायका दर वर्षी हे व्रत करतात, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे, नहायचं, पूजा करायची, आणि एकदाचा विटाळ गेला की ब्राह्मण बोलावून उद्यापन करायचं. माईंनी ते असं थाटात केलं की गल्लीत चार दिवस बोलणं चाललं होतं. आधीच विधवा, केस काढलेले, अंगावर लाल आलवण, त्यात आता हे, मग काय विचारता, देवघर त्यांचं आणि चूलही त्यांची. देवाचा नैवेद्य दुसऱ्या कोणाच्या हातचा चालायचा नाही. माझी सावली पडली तरी, यमुना, लांब हो. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू, आत जाऊन भांडी आपटायची मी. पण हात सढळ होता बाईचा, माझ्या मुलीच्या लग्नात शालू त्यांनीच दिला, आणि दिलं म्हणून कधी बोलून दाखवलं नाही.

सात वर्षं अशी गेली. मग एका फाल्गुनात, होळीला दोन दिवस असतील, सकाळी मी मागच्या दाराने आत आले तर माई त्या वेगळ्या दगडावर बसून काही धुवून राहिल्या होत्या. मी थबकले. माई आपले सोवळ्याचे कपडे स्वतःच धुवायच्या, पण विहिरीपाशी, हा दगड तर त्या ओलांडायच्याही नाहीत. पाणी लालसर वाहत होतं. आलवणाचा रंग सुटला असेल असं मी मनाला सांगितलं, पण आलवण तर अंगावर होतं, हातात होतं ते पांढरं जुनेर. त्यांनी वर पाहिलं, मला पाहिलं, आणि उठून माझं मनगट धरलं. चौदा वर्षं त्या घरात होते मी, त्या बाईचं बोट मला लागलं नव्हतं. म्हणाल्या, यमुना, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, कोणाला बोललीस तर माझं मेलं तोंड पाहशील. मी म्हटलं, माई, तुमचं तर गेलं होतं ना. तर म्हणाल्या, उद्यापनात काहीतरी राहिलं असेल गं, भटजींनी घाई केली त्या दिवशी, मला तेव्हाच वाटलं होतं, देवाने परत पाठवलं. आणि रडल्या नाहीत बरं का, ओठ दाबून उभ्या राहिल्या. त्या दिवशी पोट बिघडलंय सांगून त्या चुलीपासून लांब बसल्या. मी कोनाड्यात त्यांच्या नावाचा खडा परत मांडला. का मांडला, काय सांगू तुम्हाला, हाताला सवयच तशी.

मी कुठे शहाणी होते. नळावर एका म्हातारीला सहज विचारलं, मावशी, कोणाचं बंद झालेलं परत येतं का हो. ती हसली, म्हणाली, येतं की, अंगात गरमी असली की येतं, जवानी परत येते बाई, साखर वाट. मी पण हसले आणि मन हलकं करून घरी आले. वैशाखात दुसरा खडा मांडला, आषाढात तिसरा, त्याच्याशेजारी चिंचोका, कारण त्या वेळी सात दिवस गेलं. माईंचं चाललेलं काय, तर प्रायश्चित्त. भटजींना एवढंच सांगितलं की माझ्या मनाला खंत आहे, व्रतात दोष राहिला असं वाटतं, त्यांनी आपलं शास्त्रात असेल ते सांगितलं, पंचमीपर्यंत एकभुक्त राहा आणि उद्यापन पुन्हा करा. त्यांचा काय दोष, त्यांना खरी गोष्ट कोणी सांगितली होती. वैद्यबुवा आले, त्यांनी नाडी पाहिली, पित्त म्हणाले, पुड्या दिल्या. रक्ताचं त्यांना सांगितलंच नाही. म्हणजे अंगातून रक्त जाऊन राहिलं होतं आणि ही बाई वरून दिवसातून एकदा जेवत होती. मी म्हणायची, माई, चार घास जास्त खा, तर म्हणायच्या, दुखत तर काही नाही यमुना, आजार असता तर दुखलं नसतं का, हे पापच आहे. आणि मला ते पटायचं, काय करू, दुखत नाही म्हणजे आजार नाही असंच आम्ही समजायचो.

श्रावणात चौथा खडा मांडला आणि मग मांडायचा थांबले, कारण ते थांबलंच नाही. रोज थोडं थोडं. आणि आलवणाचा रंग असा तांबडा की त्यावर काही दिसायचं नाही, पांढरं पातळ असतं तर पहिल्या दिवशी साऱ्या घराने पाहिलं असतं. दिसत होतं ते एवढंच की माई जिना चढताना भिंत धरतात, आरतीला उभ्या राहिल्या की निरांजन हलतं. नखं तर अशी पांढरी की मी पाहायची आणि नजर वळवायची. घरात सगळे म्हणायचे, किती कडक व्रत करताहेत माई या वयात, धन्य आहे. मला वाटायचं ओरडून सांगावं, पण शपथ होती. शपथेची आम्हाला भीती वाटायची ताई, तुम्ही म्हणाल अडाणीपणा, पण माझं मेलं तोंड पाहशील असं त्या बाईने माझं मनगट धरून म्हटलं होतं. बोलले आणि खरंच मेल्या तर, मग मीच मारलं ना त्यांना.

शेवटी एक दिवस मी दुपारच्या भांड्यांना दांडी मारली आणि जनाना अस्पतालात गेले. वहिनीसाहेबांचं शेवटचं बाळंतपण तिथे झालं होतं, डबे मीच पोहोचवायची, म्हणून तिथली डॉक्टरीणबाई मला तोंडओळखीची. उंच, सावळी, दक्षिणेकडची कुठली तरी, हिंदी बोलायची पण तिच्या धाटणीची. नंबर लागला तसं मी म्हटलं, बाई, माझी पाळी सात वर्षांमागे गेली होती, ती परत आलीय, औषध द्या. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्हारी उमर पैंतीस है, सात साल पहले कैसे गयी, सच बोलो, किसके लिए आयी हो. मी म्हटलं, नाव नाही सांगू शकत, कसम आहे. तर म्हणाल्या, नाव नको, बाकीचं सांग. मी सगळं सांगितलं, फाल्गुन, वैशाख, आषाढ, सात दिवस, आता रोज.

बाहेर बायांची ही मोठी रांग, आणि त्या मला बाकावर बसवून शिकवत बसल्या. म्हणाल्या, ऐक, ज्या बाईची पाळी बंद होऊन वर्ष उलटलं, तिच्या अंगावरून परत एक थेंब जरी गेला, लाल असो की फिकट गुलाबी की काळपट, दुखो न दुखो, तिने त्याच आठवड्यात यायचं, दुसऱ्या वेळेची वाट बघायची नाही. ती पाळी नसते. पाळी परत येतच नसते. मी म्हटलं, मग काय असतं. म्हणाल्या, पुष्कळदा साधं काही असतं, वयाने आतली कातडी सुकून पातळ झालेली असते, नाही तर आत एखादा कोंब, मस उगवलेला असतो, औषधाने नाही तर छोट्या कामाने जातं, बाई घरी जाते. पण कधी कधी पिशवीत वाईट गाठ असते, आणि ती दुखत नाही, सुरुवातीला मुळीच दुखत नाही, रक्त हीच तिची हाक, त्या वेळी आली तर पिशवी काढून बाई वाचवता येते, दुखायला लागल्यावर आली तर माझ्या हातात काही राहत नाही. बाहेरून बघून यातलं काय आहे ते मलाही सांगता येत नाही, तपासावंच लागतं. मग मी आणखी विचारलं, आता आलेच आहे तर विचारून घेते म्हणून. तर चालू पाळीवाल्यांचंही सांगितलं, दोन पाळ्यांच्या मध्येच डाग पडत असेल, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसत असेल, पाळीत गाठी पडून तासातासाला जुनेर बदलावं लागत असेल, आठ दिवसांवर जात असेल, तर दाखवायला यायचं. दिवस गेलेलीला रक्त दिसलं, नाही तर पाळी चुकलेलीला पोटात एका बाजूला कळ येऊन रक्त गेलं, घेरी आली, तर त्याच घटकेला, तांग्यात घालून. मी हे सगळं पाठ करून टाकलं. शेवटी म्हणाल्या, तिला केव्हा आणतेस. मी म्हटलं, बघते. म्हणाल्या, बघू नको, आण, पाच महिने फुकट घालवलेत तुम्ही दोघींनी.

दोघींनी म्हणाल्या त्या. ते माझ्या काळजात रुतलं, अजून निघालेलं नाही.

मी घरी येऊन माईंच्या पाया पडले, लांबूनच. म्हटलं, माई, बाई डॉक्टर आहे, पुरुष नाही, पडदा आहे, चला. त्यांनी पहिलं काय विचारलं, तर जात कोणती तिची. मी म्हटलं, मला काय ठाऊक, चांगली आहे. मग म्हणाल्या, पंचमी नऊ दिवसांवर आली, उद्यापन होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येते. मी म्हटलं, नऊ दिवसांत काही झालं तर. तर म्हणाल्या, त्याचीच तर भीती आहे यमुना, कथेतली ती ब्राह्मणाची बाई विटाळाच्या दोषाने पुढच्या जन्मी कुत्री झाली, ऐकलीस ना तू कथा, मी पाच महिने विटाळाच्या अंगाने देवाला नैवेद्य दाखवला, उद्यापन न करता मेले तर माझं काय होईल. तेव्हा मला कळलं की या बाईला मरणाचं भय नाहीच, त्याच्या पुढचं भय आहे.

मग मी वहिनीसाहेबांना गाठलं. तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, माईंना बरं नाही, बायकांचं आहे, तुम्ही दादासाहेबांना सांगा. त्यांचे हात थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, यमुना, तू मला काही सांगितलं नाहीस आणि मी काही ऐकलं नाही. सणाचं घर आहे, माईंच्या हातचं सगळ्यांनी खाल्लंय, हे बाहेर पडलं तर लोक मला विचारतील, घरात सून होतीस ना, तुला कळलं कसं नाही. एवढं बोलून तांदूळ घेऊन आत चालल्या गेल्या. राग नाही आला मला, कारण त्यांचा आवाज कापत होता. पण मी समजले की त्यांना आधीच मालूम होतं.

चतुर्थीला गणपती बसले. घर पाहुण्यांनी भरलेलं, दुसऱ्या दिवशी पंचमी, उद्यापनाची तयारी, आघाड्याच्या काड्या मोजून ठेवलेल्या. दुपारी माई मागच्या खोलीपाशी आल्या आणि कठड्यावर बसल्या, उठल्या तेव्हा कठड्याचा दगड ओला होता. पायावरून ओघळ आला होता, टाचेपर्यंत. मी म्हटलं, माई. त्या म्हणाल्या, उद्या, यमुना, फक्त उद्यापर्यंत. आणि पदर सावरून, भिंत धरून, आत गेल्या, मोदक वळायला. मी तिथेच उभी. शपथ मोडली तर मरतील, नाही मोडली तर मरतीलच. मग मला डॉक्टरीणबाईंचं ते बोलणं आठवलं, दोघींनी. हात धुतले, पदर खोचला आणि मी पुढच्या बैठकीत गेले. तिथे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, झाडायलाही गडी होता. दादासाहेब, त्यांचे साडू, भटजी, दफ्तरातले दोघं, गाद्यांवर बसून गप्पा चाललेल्या. मी दारात उभी राहून बोलून दिलं, दादासाहेब, माईंच्या अंगावरून रक्त जातंय, फाल्गुनापासून जातंय, त्या कोणाला बोलल्या नाहीत, मी पण बोलले नाही, आता बोलते, डॉक्टरीण म्हणते पिशवीत गाठ असेल, आज नेल्या नाहीत तर वाचणार नाहीत.

भटजींनी मान खाली घातली. दादासाहेबांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हा माणूस मारतो मला. ते उठले, माझ्यासमोर आले, हळू आवाजात म्हणाले, उद्यापासून कामाला येऊ नकोस. मी म्हटलं, नाही येत, पण आज तांगा आणू का. ताई, त्या एवढ्या मोठ्या माणसाने दाराची चौकट धरली, म्हणाले, आण.

मी डॉक्टरीणबाईंना घेऊनच आले. माईंना त्यांच्या खोलीत निजवलं होतं, वहिनीसाहेब उशाशी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कब से. माई म्हणाल्या, आजच, आजच थोडंसं दिसलं. मी दारातून गेले त्या मागच्या खोलीत, कोनाड्यातले माईंचे खडे ओंजळीत घेऊन आले आणि पलंगापाशी जमिनीवर मांडले. म्हटलं, हा फाल्गुन, हा वैशाख, हा आषाढ, त्याला चिंचोका आहे, हा श्रावण आणि त्यानंतर रोज. माईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरीणबाईंनी माईंचा पांढरा हात हातात धरला, म्हणाल्या, माँजी, ये पाप नहीं है, ये बीमारी है, देवाने पाठवलेली शिक्षा नाही, मी रोज बघते, पुण्यवान बायांना होते आणि पापिणींनाही होते. दारात भटजी उभे होते, बैठकीतून उठून आले होते, ते तिथूनच म्हणाले, माई, आजारातलं रक्त विटाळात धरत नाहीत, तुमचं उद्यापन सात वर्षांमागेच देवाला पोहोचलं. हे शास्त्रात आहे की नाही मला माहीत नाही, मी त्यांना पुढेही कधी विचारलं नाही. पण ते ऐकलं आणि माईंनी डोळे मिटले, म्हणाल्या, चला, कुठे नेताय ते न्या.

अस्पतालात आधी आतलं खरवडून तपासलं, मग रक्त वाढायची औषधं, रोज दूध, कलेजीचा अर्क औषध म्हणून दिला तो माईंनी डोळे मिटून गिळला, आणि तीन आठवड्यांनी पिशवी काढली. गाठ वाईटच निघाली. डॉक्टरीणबाई मला बाहेर भेटल्या, त्या दिवशी सकाळपासून मी पायरीवर बसले होते, काम तर सुटलंच होतं. म्हणाल्या, गाठ पिशवीच्या भिंतीत अर्ध्यापर्यंत गेली होती, पलीकडे गेली नव्हती, दिवाळीनंतर आणली असती तर मी पोट उघडून तसंच शिवून टाकलं असतं. मी तिथेच पायरीवर रडले. येणारीजाणारी माणसं बघत होती, बघू दे.

मार्गशीर्षात माईंचा निरोप आला, कामाला ये. गेले तर पलंगावर बसलेल्या, वाळून काडी झालेल्या, पण आवाज तोच. म्हणाल्या, मेले, चार पुरुषांसमोर माझी लाज घालवलीस. वरून म्हणाल्या, जीव नाही गेला. आणि मग, ती नवी बाई कप फोडते, उद्यापासून ये. नऊ वर्षं जगल्या त्यानंतर, नातसून पाहिली, आणि गेल्या त्या म्हातारपणाने, झोपेत. मला मात्र त्या कधी धन्यवादबिन्यवाद म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या ते वेगळंच. एकदा पाय चेपत होते, तर म्हणाल्या, यमुना, त्या दिवशी दगडावर मी तुझं मनगट धरलं ना, तेव्हाच झटकून टाकायचं होतंस गं. मी म्हटलं, हो माई, चुकलंच. आणि चुकलंच ताई, पाच महिने मी त्यांना मरू देत होते, आणि त्याला शपथ पाळणं म्हणत होते.

तेव्हापासून माझं हेच काम झालं. भांडी घासते, पण गल्लीतल्या, मोहल्ल्यातल्या बाया मागच्या दाराने येतात, मराठी येतात, बनियांच्या येतात, आमच्या तांगेवाल्याची बीबी बुरखा घेऊन आली होती, तिला तर गर्भ नळीत राहिला होता, एका घंट्यात नेली म्हणून वाचली. मी विचारते, केव्हापासून, किती, बंद झाली होती का, आणि मग हात धरून नेते. बारा तेरा जणी नेल्या असतील. त्यात वाईट निघालं ते दोघींचं, बाकी बहुतेकींचं साधंच काही होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच. त्या दोघींतली एक फार उशिरा आली, ती वाचली नाही. ज्या यायला टाळाटाळ करायच्या त्यांना मी शिव्या द्यायची, खऱ्या शिव्या, म्हणायची, अगं, रक्त दिसतंय आणि घरात बसतेस, अक्कल गहाण ठेवलीस का.

आता तुम्हाला खरं सांगते, आज तुम्हाला वरून खाली का बोलावलं ते. माझी पाळी जाऊन दोन वर्षं होत आली. गेल्या सोमवारी डाग दिसला. रुपयाएवढासुद्धा नव्हता. आज शुक्रवार आहे. सोमवारपासून मी, ही यमुना, कोणाला बोलले नाही, जुनेर स्वतः धुतलं, लोकांच्या घरी जाऊन भांडी घासून आले, आणि मनाला सांगत राहिले की उष्णतेचं असेल, उद्या बघू. सगळं पाठ आहे मला, पाळी परत येत नसते हे मी बारा जणींना सांगितलंय, पुष्कळदा साधं असतं हेही माहीत आहे, तरी पाय उचलत नव्हता. भीती वाटते ताई. माईंना मी मनात किती नावं ठेवली होती, सोवळ्याने खाल्लं या बाईला म्हणून. मला तर सोवळं नाही, व्रत नाही, शपथ नाही, मग मी का बसले होते घरात, याचं उत्तर काल दिवसभर शोधलं, सापडलं नाही.

तांगा सांगितलाय, उद्या सकाळी आठला. त्या डॉक्टरीणबाई बदलून गेल्या, आता दुसरी आहे, ती पण चांगली आहे म्हणतात. तुम्ही बरोबर आलंच पाहिजे असं नाही, तुमची शाळा आहे. तुम्हाला सांगितलं ते एवढ्यासाठी की आता ही गोष्ट माझ्या एकटीजवळ राहिली नाही. लिहिलंत ते सगळं ठेवा, कोणाला वाचून दाखवायचं तर दाखवा, माझ्या नावानिशी दाखवा. आणि सकाळी तांगा दारात उभा असेल आणि मी बाहेर आले नसेन, तर खाली येऊन दार ठोका, मी काही बहाणा सांगेन, तो ऐकू नका. सुखी राहा पोरी, देव तुमचं भलं करो.